अण्णांच्या ओळीची जागा

कानडी मुलखात, चामराजपेटेतल्या दत्ताच्या देवळात गुरुवारचं भजन असे. नरसिंहराव, घरादाराचे अण्णा, पहिली ओळ सांगायचे आणि बायकांच्या रांगेतून त्यांची बायको कृष्णाबाई ती उचलायची. लग्न होऊन आल्यापासून हेच. आपण होऊन ओळ धरावी, असं तिच्या मनातसुद्धा कधी आलं नाही. अण्णा गेले आणि मागे त्यांच्या आवाजातली भजनाची एक कॅसेट तेवढी राहिली.

मुलगा श्रीहर्ष ऑफिसातून आला की गिटार घेऊन बसे. म्हणायचं रॉक, पण त्यात मध्येच सनईसारखा नादस्वर, मध्येच यंत्रांची घरघर, आणि शब्द मुळीच नाहीत.

"ह्याला गाणं म्हणतोस, आणि गात कुणीच नाही?" कृष्णाबाई टोमणा मारी.

"आई, स्वल्प ऐक तरी!"

या खेपेला त्याने अण्णांची कॅसेट मागून नेली. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आईच्या कानांना हेडफोन लावून दिले. तिने हात जोडले. झांजा आल्या, आपल्याच देवळातल्या. पेटी आली. मागून गिटार असं कण्हत आलं की अंगावर काटा उभा राहिला. मग पेटी थबकली. आता अण्णा. तिने पदर घट्ट धरला.

झांजाच वाजत राहिल्या.

"ह्यांचा आवाज कुठाय रे?"

"कॉम्प्युटरवर वेगळा काढून पुसला, आई. मूळचंही ठेवलं नाही."

"आणि कॅसेट?"

त्याने मान खाली घातली. "फीत जुनी होती. एकदा वाजली, मग आत अडकून तुकडे झाले."

"पुसलास कशाला, राजा?"

"तुझ्यासाठीच. कॅसेट लागली की तू उठून देवघरात जायचीस. वाटलं, तुला सोसत नाही."

कृष्णाबाईने हेडफोन काढून ठेवले. चारचौघांत डोळे भरून येऊ नयेत म्हणून ती उठायची. देवघरात सगळं ऐकू यायचं. समईसमोर बसून ती अण्णांच्या मागून ओळ न ओळ म्हणायची. हे कधी कुणाला सांगायचं असतं, हेच तिला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी श्राद्धाचं आटोपलं. दिवेलागणीला ती देवघरात जाऊन बसली. "लाव तुझं ते."

झांजा, पेटी, गिटार. पेटी थबकली. ओळ तोंडपाठ होती. ओठ उघडलेही. पण कुणी सांगितल्याखेरीज ती उचलायची कशी? झांजा पुढे निघून गेल्या.

"बंद करू, आई?" बाहेरून श्रीहर्षचा आवाज आला.

"नको. पहिल्यापासून लाव."

"सरी, बरं," तो म्हणाला. कृष्णाबाईने पुन्हा हात जोडले.