रूथबाईचा डावा डोळा

रूथबाईचा डावा डोळा माह्या दगडानं गेला.

आजवर कोणालेच सांगितलं नाई. शांतालेबी नाई, अन् ती माही बायको हाय.

काल बाई गेली. आता कोणापासून लपवून राहिलो मी?

नव्या लोकायले माहीत नसन. रूथबाई म्हणजे आमच्या पांढुर्ण्याची ख्रिस्ती नर्स. पांढरी साडी, हातात अ‍ॅल्युमिनियमचा डबा. लहानात लहान माणसालेबी "भाऊ" अन् "जी". सारा गाव मले वसंत्या म्हणे, ती एकटी वसंतभाऊ म्हणे. मले हासू ये.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या ह्या काठाले आम्ही सावरगाववाले, त्या काठाले पांढुर्णावाले, मधात पळसाचं झाड, अन् दोहीकडून दगड. बाई दरसाल ड्यूटी नसतानी घमेलं घेऊन काठाले बसे. जखमा धुये, पट्टी बांधे. तू कोणत्या काठाचा, हे तिनं कधी विचारलं नाई.

आमच्या पोरायचा नियम एकच. जो पट्टी बांधाले बसला, त्याच्यावर हात उचलाचा नाई.

म्या उचलला.

चौऱ्याऐंशी असन का पंच्याऐंशी. तिकडच्या एका पोरानं माह्या भावाचं डोस्कं फोडलं होतं. तो बाईसमोर बसलेला दिसला. बावीस वर्षाचा होतो, डोक्यात राख घालून घेतली होती. नेम धरून मारला.

तो खाली वाकला.

बाई वाकली नाई.

एक हात डोळ्यावर, बोटायतून रक्त गळून राहिलं, अन् दुसऱ्या हातानं त्याची पट्टी धरून म्हणे, "भाऊ, गाठ राहिली जी. हलू नका."

लोकं धावले. कोणी मारला, कोणी मारला, नुसती बोंबाबोंब. बाई म्हणे, "माहंच चुकलं. मीच वाटेत बसली."

गोटमारीत मारणाऱ्याचं नाव कोणी घेत नाई. देवीचा दगड म्हणतात अन् सोडून देतात. त्याच्यामागं मी लपलो. आरामात लपलो, खोटं कायले बोलू.

दोन वर्षानं कडबा कापतानी शांताचा तळहात विळ्यानं फाटला. डॉक्टर सौसरले गेलेला. बाई नदी ओलांडून पायी आली. सुई उकळली. मंग सुई-दोरा माह्यापुढं धरला.

"एका डोळ्यानं भोक दिसत नाई, वसंतभाऊ. ओवून द्या जी."

तीनदा चुकलो. शांता कन्हता कन्हता थांबली अन् माह्याकडं पाहाले लागली.

बाई हळूच म्हणे, "काही सांगाचं हाय का, भाऊ? मी ऐकून राहिली."

सांगाले पायजे होतं ना बापा! ओठापर्यंत आलं होतं.

म्या म्हटलं, "नाई बाई. हात ओला हाय."

"मंग पुसून घ्या जी."

चौथ्यांदा ओवला. तिनं पाच टाके घातले. जातानी शांताले म्हणे, "तुमचा माणूस चांगला हाय. भेते थोडा."

आज दुपारी माती झाली. ख्रिस्ती लोकायच्यात सारेजण कबरीत मूठमूठ माती टाकतात. माही पाळी आली. मूठ भरली, हात वर केला, अन् तिथंच थांबला.

पुन्हा तिच्यावर काही फेकाची हिंमतच नाई झाली. खाली बसलो, अन् माती काठावर ठेवली.

तिची भाची बाजूले येऊन बसली. म्हणे, "काका, मावशी दर पोळ्याले तुमच्यासाठी प्रार्थना करे. नाव घेऊन."

"काऊन?"

"तिनं पाहलं होतं ना तुमाले. दगड मारतानी."

भाची पुढं सांगे,

"आम्ही म्हणो, जाऊन विचारतो त्यायले. ती म्हणे, विचारू नका. येईन तो. चहा ठेवजा त्याच्यासाठी."

चाळीस वर्षं झाले. नदी ओलांडली का दहा मिनिटाचा रस्ता. तिच्या दारावरून संत्र्याच्या किती गाड्या नेल्या मी, मान खाली घालून. एकदा थांबलो नाई.

बाई, तो दगड माहा होता. नेम धरून मारला होता.

तुम्ही वाटेत बसल्या नव्हत्या.

शेवटचा नमस्कार, जी.

— वसंत्या