अमावस्येला समुद्र बंद

त्या दिवशी कुशाबाचा दिवस पहाटे पाच चाळीसला सुरू झाला. आदल्या दिवशी तो चार पन्नासला सुरू झाला होता आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला होणार होता. समुद्र रोज पन्नास मिनिटं उशिरा येतो, असं स्नेहलनं कागदावर लिहून दिलं होतं. खरा समुद्र घाटाखाली, नेरे गावापासून पार लांब. गावातल्या दादासाहेबांच्या गोठ्यामागं मात्र तो कुशाबाच्या बादलीतून येत होता.

स्नेहल लातूरकडची, विद्यापीठात संशोधन करणारी. दादासाहेबांचा रिकामा गोठा तिनं भाड्यानं घेतला होता. त्याच्यामागं उन्हात बारा पिंपं मांडून कोकणातल्या खाडीचा गाळ भरला, त्यात शिसं आणि कॅडमियम मोजून कालवलं आणि वर लव्हाळा लावला. सहा पिंपांत खारं पाणी कायम उभं. उरलेल्या सहांत भरती-ओहोटी. कुठल्या लव्हाळ्याच्या पानांत जास्त धातू चढतो, ते तिला बघायचं होतं. आधी तिनं मोटार लावली. पण नेऱ्यात वीज गेली की भरती अर्ध्यावर थांबायची. म्हणून माणूस ठेवला.

कुशाबानं चाळीस वर्षं गवंडीकाम केलेलं. वय सदुसष्ट, तोंडात चार दात, तेही एकमेकांना न भेटणारे. दोन वर्षं तो भाकरी दुधात कुस्करून खात होता. कवळी करायची होती आणि ती मुलाच्या पैशानं करायची नव्हती. सहा महिने भरती नीट झाली, तर शेवटी एकरकमी पैसे, असं ठरलं होतं.

काम साधं. हौदातून पाणी उचलायचं, पिंपागणिक सहा बादल्या. सहा तासांनी तोट्या सोडायच्या, पाणी परत हौदात. पुन्हा भरायचं, पुन्हा सोडायचं. पौर्णिमेला आणि अमावस्येला उधाण, म्हणून नऊ बादल्या. कुशाबा बादली काठोकाठ भरायचा आणि थेंब सांडू द्यायचा नाही. सांडलं तर मोजणी चुकते.

गावात त्याचं नाव झालं. शेजारची गंगूबाई रोज विचारायची, "कुशाबा, आज समुद्र किती वाजता?"

"सव्वासातला."

"मग माझी धुणी उरकून घेते बाई, न्हाईतर वाहून जातील."

तिसरा महिना संपला. स्नेहलनं पानं कापून प्रयोगशाळेत नेली आणि चार दिवसांनी उतरलेल्या चेहऱ्यानं परत आली. कुशाबा बादली पुसत होता. त्याची बायको साळूबाई चहा घेऊन आलेली.

"काका, भरतीच्या पिंपांत कॅडमियम दुपटीनं चढलंय. एवढं चढायला नको. मशीन तीनदा तपासलं. तुमची एखादी भरती चुकली का?"

"चुकली न्हाई. अमावस्येला बंद ठेवली."

"बंद?"

"आमी गवंडी लोक अमावस्येला हत्याराला हात लावत न्हाई. पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं तुमाला. तुमी म्हणला, घ्या सुट्टी."

स्नेहलला आठवलं. एक दिवस सुट्टी म्हणजे तिला ती कुशाबाची वाटली होती, समुद्राची नाही. त्या दिवशी तो बदली माणूस लावेल, असं तिनं धरलं होतं. तिनं नोंदींची वही मागितली. तीन महिन्यांत तीन ठिकाणी कुशाबाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'अमावस्या. समुद्र बंद.'

ती पालथ्या बादलीवर बसली. "काका, पाण्याखालच्या गाळाला हवा लागत नाही, म्हणून धातू गाळातच बांधलेला राहतो. गाळ फार वेळ उघडा पडला की हवा शिरते, धातू सुटतो आणि मुळं तो पिऊन घेतात. आणि तुम्ही नेमकं सगळ्यात मोठ्या उधाणाला पाणी तोडलंत. विद्यापीठातले माझे सर म्हणतील, टाकून द्या सगळं."

कुशाबानं पैशाचं विचारलं नाही. चार दातांवरून जीभ फिरवली.

"तीनदा बंद ठेवलं. सहाही पिंपांत सारखंच ठेवलं," तो म्हणाला. "बंद कवा केलं, चालू कवा केलं, वेळ लिवलीय. कामात खोट असली तर दाखवा."

स्नेहलनं वही पुन्हा पाहिली. मिनिटं लिहिलेली होती. ती हळूहळू सरळ बसली.

"म्हणजे तुटणारी भरती कशी चालते, ते आपल्याकडे आहे. आता न तुटणारी पाहिजे. नवी रोपं लावू. तीन पिंपं तुमच्या पद्धतीनं, तीन अखंड. पण त्या तिनांना अमावस्येला पाणी घालावंच लागेल."

"मी न्हाई घालणार."

"मग स्लॅबला अमावस्येला पाणी कोण मारायचं?"

"घरमालकाची बायको," कुशाबा बोलून गेला.

साळूबाईनं कपबशी खाली ठेवली. "बायकांना कुटली आलीय अमावस्या? चाळीस वर्षं यांची सुट्टी आन् माजा सैपाक. ताई, मी घालते. मजुरी माज्या हातात द्यायची."

"तुला जमायचं न्हाई. बादली काठोकाठ लागतीया," कुशाबा म्हणाला.

"अवं, विहिरीवरनं डोक्यावर हांडे आणलेत मी. तुमी निस्ते मोजा."

पुढच्या तीन अमावस्यांना तेच झालं. साळूबाईनं पदर खोचून तीन पिंपांत नऊ-नऊ बादल्या ओतल्या, दोन्ही भरत्यांना. कुशाबा हात मागं बांधून उभा. एकदा बादली बोटभर कमी वाटली म्हणून त्यानं ती परत पाठवली. साळूबाईनं त्याला परत पाठवायची तयारी दाखवली, तेव्हा तो पुढची बादली मोजू लागला. गंगूबाई कुंपणावरून म्हणाली, "आज समुद्र लुगड्यात आलाय गं!"

सहा महिने भरले. अखंड भरतीच्या लव्हाळ्यात धातू कमी निघाला, तुटत्या भरतीच्या लव्हाळ्यात जास्त. सरांनी काहीच टाकून दिलं नाही. स्नेहलनं दोघांचे पैसे दोघांच्या हातात दिले. साळूबाईनं आपले कनवटीला लावले आणि कशाला ते सांगितलं नाही.

कुशाबा हिंजवडीला दातांच्या डॉक्टरकडे गेला. कवळी बसवल्यावर तोंड मिटून, उघडून पाहिलं आणि म्हणाला, "डावीकडं सूतभर उंच हाय."

डॉक्टर म्हणाले, सवय होईल. कुशाबा खुर्चीतून उठला नाही. त्यांना तीनदा घासावी लागली. मग त्यानं पैसे मोजले, घरी आला आणि कोरडी भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खाल्ली, सावकाश, दोन्ही बाजूंनी चावून.