पूर्वपक्ष आधी

हिंदी मुलखातल्या आमच्या दौलतगंजच्या माडीवर रविवारी सकाळी मराठीत काव्यचर्चा भरे. बाबा कॉलेजात मराठी शिकवायचे, त्यामुळे रस, ध्वनी, वक्रोक्ती हे काव्यशास्त्रातले शब्द घरात मीठ-मिरचीइतके रुळलेले. चर्चेचा नियम एकच, आणि तो जुन्या दर्शनकारांकडून आलेला: ज्याला खोडायचं त्याचं म्हणणं आधी आपणच मांडायचं, तेही असं, की तो स्वतः ‘हो, हेच’ म्हणाला पाहिजे. हा पूर्वपक्ष. मगच आपला उत्तरपक्ष. या नियमापायी निम्मी भांडणं चहा यायच्या आतच विझत.

आमचं संस्थान विलीन झालं, मग त्याच्या जागी आलेलं मध्यभारत राज्यही मोडलं आणि राजधानी आमच्या शहरातून भोपाळला गेली. कॉलेजातले मराठीचे वर्ग रोडावत चालले. तशात बाबांचाच लाडका विद्यार्थी, आता माधवगंजातल्या शाळेत मास्तर झालेला, एका रविवारी म्हणाला, “सर, चर्चा आता हिंदीत करू ना. ऐकणारे वाढतील.”

बाबांचा चेहरा उतरला. ही चर्चा गेली, तर मराठीत चार माणसांबरोबर विचार करायला त्यांना दुसरी जागाच उरणार नव्हती. मला तर त्या मास्तराच्या चहात मीठ घालावंसं वाटलं.

पण नियम म्हणजे नियम. बाबांनी त्याची बाजू मांडायला घेतली. “रस पोथीत नसतो, सहृदयाच्या, म्हणजे जाणत्या रसिकाच्या, मनात जागा होतो, असं आपले आचार्य सांगतात. मग सहृदय ज्या भाषेत जगतो ती सोडून आपण कोणासाठी बोलतो आहोत? माझीच मुलगी घ्या. चर्चेत मराठी कविता वाचून दाखवते. एकटी असली की गुणगुणते ती हिंदी.”

मास्तराने मान खाली घातली. “हो सर, हेच,” तो हळूच म्हणाला.

“आता उत्तरपक्ष,” कोणीतरी आठवण करून दिली. बाबांनी आपला रिकामा कप माझ्या हातातल्या ट्रेमध्ये ठेवला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरातली गोष्ट चारचौघांत काढली, आणि तीही स्वतःच्याच विरुद्ध! मी कपांचा ट्रे आदळला आणि बाबांच्या बाजूने ओरडले, “ऐसा थोड़े ही है, बाबा! मराठी हमारी भी तो है!”

मंडळी पोट धरधरून हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि पुढच्या रविवारचा विषय सांगितला, अडखळत, हिंदीत.