पायाळूची चमक

तृप्ती परब माझ्या टेबलावर पालथी झोपली होती आणि प्लायवूडच्या पलीकडे दोन माणसं तिच्या भवितव्यावरून भांडत होती.

आमची फिजिओ रूम म्हणजे हॉकी टर्फच्या पॅव्हेलियनचा एक कोपरा. मधे पार्टिशन घातलंय, तेही छतापर्यंत पोचलेलं नाही. पलीकडचा चहाचा भुरका इकडे ऐकू येतो, तिथे भांडण ऐकू न यायला काय झालं?

"लिहून ठेव सावंत, ही पोरगी इंडिया खेळणार," परेरा सर सांगत होते. "असं रिस्ट मी कोचिंगमध्ये आल्यापासून बघितलं नाही."

"परेरा, तुमचं दर वर्षी कोणी ना कोणी इंडिया खेळतं. शेवटी खेळतं कुठे? आपल्या ऑफिसच्या पिकनिकला."

"हिच्यात चमक आहे, यार!"

"चमक आहे, मान्य. टिकणार किती?"

मी तृप्तीच्या कमरेवर अंगठे दाबत होते. उशीत तोंड खुपसून ती पुटपुटली, "चमक आहेच, मॅडम. पण ती तिकडची नाही. इथे आहे." आणि हात मागे नेऊन तिनं एका बोटानं जागा दाखवली.

मला ते एक बोट अजिबात आवडलं नाही. स्नायू दुखत असला की माणूस त्या भागावर तळहात फिरवतो, "इथे सगळीकडे" म्हणतो. नेमकी जागा बोटानं दाखवली की मी हाडाचा विचार करायला लागते.

मी फिजिओथेरपिस्ट. गिरगावात एका चाळीच्या तळमजल्यावर माझं क्लिनिक आहे. शिवाय आठवड्यातून दोनदा एका कंपनीच्या हॉकी टीमकडे जाते. कंपनीचं नाव राहू दे. परेरा सर तिथले कोच. माझगावचे, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि अंदाज मनाच्या मागे धावणारा. सावंतसाहेब स्पोर्ट्स ऑफिसर. कोणाला टीमवर घ्यायचं हे शेवटी तेच ठरवतात.

त्या वर्षी महिलांच्या टीममध्ये एकच जागा होती. जागा म्हणजे कॉन्ट्रॅक्ट: स्टायपेंड, किट, मोठ्या टूर्नामेंट्स, आणि निभावलं तर पुढे कायमची नोकरी. हॉकीवर पोट भरायचं असेल तर आमच्याकडे दार हेच. तृप्ती अठरा वर्षांची, परेरांकडे आधीपासून सरावाला येणारी. वडील बस कंडक्टर. नायगावची बीडीडी चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाल्यापासून घर ट्रान्झिटच्या इमारतीत. कॉन्ट्रॅक्टवर घेण्याआधी फिजिओची सही लागते, म्हणून ती माझ्यासमोर होती.

तिची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती, ड्रॅग-फ्लिक. पेनल्टी कॉर्नर मिळाला की बॉल गोललाइनवरून बाहेर येतो, एक मुलगी तो थांबवते, आणि फ्लिकर धावत येऊन, पार खाली वाकून, बॉल स्टिकवर खेचत नेते आणि अंग पिळून गोलमध्ये भिरकावते. तृप्तीचा बॉल जायचा तो गोलकीपरचा पाय उचलला जायच्या आत. मी खेळाडू नव्हे, तरी ती फ्लिक मारायला उभी राहिली की हातातलं काम सोडून बघायचे.

"उठ," मी म्हटलं. "एका पायावर उभी राहा आणि मागे वाक."

ती वाकली. चेहरा ढिम्म. हातानं मात्र टेबलाचा कोपरा घट्ट धरला.

"कधीपासून दुखतंय?"

"दुखत नाही, मॅडम. चमक आहे. भरते, जाते."

"पहिल्यांदा कधी भरली?"

"गणपतीच्या आधी."

शिमगाही होऊन गेला होता.

"परेरा सरांना सांगितलंस?"

"सांगितलं ना. म्हणाले, चमक काय, निघेल, स्प्रे मार. मारला."

"आणि घरी?"

ती एकदम हसली. "घरी काय करणार? घरी पायाळूचा पाय लावतात."

हे मला नवीन नव्हतं. पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेलं माणूस. पाठीत चमक भरली, काही घरांत उसण म्हणतात, की पायाळूनं तिथे पाय लावायचा, चमक निघते. माझे निम्मे पेशंट आधी पायाळूकडे जाऊन मग माझ्याकडे येतात आणि हे सांगताना उगाच लाजतात.

"मग पायाळू मिळाला नाही का?" मी विचारलं.

"मीच पायाळू आहे, मॅडम. चाळीतल्या सगळ्यांची मीच काढायचे. अजून येतात, ट्रान्झिटमध्ये लिफ्टनं वर येतात. सकाळी प्रॅक्टिसला निघाले की दारात कोणीतरी पाठ करून उभंच. आता माझी कोण काढणार?"

तिची आई तिला रे रोडला घेऊन गेली होती. तिथे लाकडाच्या वखारीत एक पायाळू हमाल आहे, त्याचा गुण येतो असं कोणीतरी सांगितलं होतं. त्यानं पाय लावला, चार दिवस बरं वाटलं, आणि तृप्ती पुन्हा फ्लिक मारायला लागली. असं दोन-तीनदा झालं.

प्लायवूडच्या पलीकडे वाद अजून चालू होता. सावंतसाहेब म्हणत होते, हिची उंची कमी आहे. परेरा म्हणत होते, उंची हायजम्पला लागते. पोरगी पोचेल की नाही याचा कीस दोघं काढत होते, मनगट, उंची, स्पीड, स्वभाव, सगळ्याचा. पाठीचं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. मला दोघांचाही राग आला.

मी बाहेर जाऊन सांगितलं, "एमआरआय झाल्याशिवाय सही नाही."

"मॅडम, चमक आहे तिला!" परेरा म्हणाले. "आपल्या सगळ्यांना भरते."

"सर, गणपतीपासून शिमग्यापर्यंत राहते ती चमक नसते."

परळच्या सेंटरवर एमआरआय झाला. मग आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी सीटीही करायला लावला. संशय होता तेच निघालं. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचे दोन बारीक पूल असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. पुन्हा पुन्हा वाकून पिळल्यानं त्यांना तडा जातो. एका बाजूला असेल आणि लवकर कळलं, तर खेळ बंद ठेवून तो सांधतो. तृप्तीचे दोन्ही पूल तुटलेले होते, तडे जुने होते, आणि वरचा मणका थोडा पुढे सरकला होता.

डॉक्टर सरळ बोलणारे. म्हणाले, "चालेल, पळेल, नोकरी-संसार सगळं होईल. कमरेचा पट्टा आणि व्यायाम नीट केला तर हॉकीही खेळेल कदाचित. ती फ्लिक मात्र बंद. मणका आणखी सरकला तर पायाकडे जाणारी नस दाबेल."

रिपोर्ट समजून घ्यायला तृप्तीची आई माझ्या क्लिनिकमध्ये आली. मूळची मालवणची, बारीक अंगाची बाई. मी पूल, तडा सगळं कागदावर काढून दाखवलं. तिनं कागदाकडे बघितलंच नाही.

"माका एवढाच सांगा, बाई. त्या रे रोडच्या बाप्यान पाय लावलो, तेच्यान मोडला काय?"

"नाही हो. त्यानं नुसता टेकवला होता. त्यानं काही मोडत नाही."

"मगे आमचा चुकला काय?"

काय सांगणार होते मी? पायानं काही बिघडलं नव्हतं. फक्त दर वेळी चार दिवस बरं वाटलं होतं, आणि त्या चार-चार दिवसांत हाडाचा वेळ गेला होता. स्प्रेनंही तेच केलं होतं आणि परेरांच्या "निघेल"नंही. मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही." ते खोटं होतं की खरं, मला अजून कळलेलं नाही.

दोन दिवसांनी पॅव्हेलियनमध्ये आम्ही तिघं बसलो. तृप्तीला बाहेर थांबायला सांगितलं होतं. म्हणजे प्लायवूडच्या पलीकडे.

"मॅडम, मला हो की नाही सांगा," सावंतसाहेब म्हणाले. "वर उत्तर द्यायचंय."

"फ्लिकसाठी नाही. बाकी हॉकीसाठी, पावसाळ्यानंतर बघू."

"आपण तिला घेतोय फ्लिकसाठी."

"मग नाही."

परेरा उसळले. "मॅडम, यू आर फिनिशिंग हर! बाहेरच्या देशांतल्या फ्लिकर्स काय डॉक्टरला पाठ दाखवून खेळतात? सगळ्यांची पाठ दुखते. हिला एक सीझन मिळू द्या, इंडिया कॅम्पला कॉल येतो की नाही बघा!"

"कॅम्पला कॉल येईल, सर. हॉस्पिटलमधून उठून जाईल का ती?"

सावंतसाहेबांनी हात वर करून आम्हाला थांबवलं. माणूस खडूस, पण कोत्या मनाचा नाही. त्यांनी परेरांना शांतपणे विचारलं, "फ्लिक बाजूला ठेवा. डिफेन्सला कशी आहे?"

परेरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली.

"डिफेन्सला..." ते म्हणाले, "चालेल."

जो माणूस इंडियाच्या खाली बोलत नव्हता, त्याच्या तोंडून 'चालेल' आलं. सावंतसाहेबांनी मान हलवली. पुढे विचारायचं काही उरलं नाही.

तेवढ्यात तृप्ती आत आली. सगळं ऐकलं होतंच. तिनं परेरांकडे बघितलं नाही, सावंतसाहेबांकडे बघितलं नाही. सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, एक सीझन द्या. नंतर मोडली तर मोडू दे. पाठ माझी आहे ना?"

"पाठ तुझी आहे. सही माझी आहे."

"तुम्हाला काय जातंय?"

"काही नाही जात," मी म्हटलं. "म्हणूनच मला विचारतात."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं कोपऱ्यातली स्टिक उचलली आणि ती निघून गेली. त्या दिवशी मी चर्नी रोडपासून क्लिनिकपर्यंत चालत आले आणि पहिल्या पेशंटवर विनाकारण खेकसले.

सावंतसाहेबांनी जागा पावसाळ्यानंतरपर्यंत कशीबशी धरून ठेवली, हे त्यांच्या नावावर जमा. तृप्ती रुसून बसली नाही. रोज क्लिनिकला आली, पट्टा बांधला, मी सांगितलेला एकूण एक व्यायाम केला, माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलली. दुखणं कमी झालं. ट्रायलला ती डिफेन्सला उतरली आणि चुका न करता खेळली. पेनल्टी कॉर्नर मिळाला तेव्हा फ्लिक मारायला दुसरीच एक मुलगी पुढे आली. तृप्ती मागे उभी राहून हातातली स्टिक नुसती फिरवत होती. मला ते बघवलं नाही, मी पाण्याच्या बाटल्या मोजत बसले.

जागा त्या दुसऱ्या मुलीला मिळाली. बरी खेळते. परेरा सर हल्ली म्हणतात, हीसुद्धा इंडिया खेळणार.

गेल्या महिन्यात तृप्ती क्लिनिकवर आली. आता ती धोबीतलावला एका स्पोर्ट्सच्या दुकानात असते, शाळेच्या पोरांना स्टिक निवडून देते. पट्टा परत करायला आली होती. धुऊन, घडी करून आणला होता.

मी पट्टा घ्यायला खुर्चीतून उठले आणि तिथेच अडकले. सकाळी एका जाड्या पेशंटला कुशीवर वळवताना पाठीत काहीतरी झालं होतं.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. चमक."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "परेरा सर अजून सांगतात, मी पोचले असते."

"तुला काय वाटतं?"

"तुम्ही बरोबर होतात, हे मला कळतं." तिनं पट्टा टेबलावर ठेवला. "पण तुमचा राग येतो. अजून येतो."

"येऊ दे."

"वळा. पाय लावते."

मी फिजिओथेरपिस्ट. भिंतीवर डिग्री टांगलेली. बाहेर दोन पेशंट बसलेले. मी भिंतीला हात टेकून पाठ करून उभी राहिले.

मागून चप्पल काढल्याचा आवाज आला. "पाय लावू की लाथ घालू?" तिनं विचारलं.

"लाथच घाल. तुझा हक्क आहे."

ती हसली. त्या टेबलावरच्या दिवसानंतर मी तिचं हसू पहिल्यांदा ऐकलं. मग टाच पाठीला लागली, अगदी अलगद. मला रडू आलं ते तिला दिसलं नाही, कारण माझं तोंड भिंतीकडे होतं.

चमक तीन-चार दिवसांत गेली. ती तशीही जातेच. पाय लावा, स्प्रे मारा, नाहीतर काहीच करू नका. जी जात नाही ती चमक नव्हे, एवढंच लक्षात ठेवा आणि वेळेत दाखवा.