येऊदेकाकांच्या उबेच्या पिशव्या

बस पुढे नेणं सोपं, मागे घेणं अवघड. ज्याला पटत नसेल त्याने सकाळी आमच्या डेपोत येऊन उभं राहावं. आवार मोठं आहे, पण बसही तितक्याच, एकीचा आरसा दुसरीला घासेल इतक्या जवळ लावायच्या. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. त्याला दिसतात ते फक्त एका माणसाचे दोन हात, आणि ते हात आमच्या येऊदेकाकांचे.

त्यांचं खरं नाव पगार करणाऱ्यालाच ठाऊक असेल. दिवसभर तोंडात एकच पालुपद, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, हां, बास." म्हणून येऊदेकाका. नव्या ड्रायव्हरला ते पहिल्याच दिवशी सांगायचे, "माझ्या आवाजावर जाऊ नकोस, इंजिनापुढे माझं कोण ऐकतंय. बोटांकडे बघ. चारही बोटं हलली की बिनधास्त ये, दोनच हलली की जपून, मूठ मिटली की ब्रेक." ड्रायव्हर गमतीने म्हणायचे की काकांची मूठ मिटली की बायकोसुद्धा बोलायची थांबत असेल. त्यावर काका म्हणायचे, "तिच्यासमोर मूठ मिटायची माझी काय बिशाद."

मी हरवलं-सापडलंच्या खिडकीत बसते. लोक बसमध्ये काय विसरतील याला ताळतंत्र नाही. छत्र्या, डबे, एकदा तर दातांची कवळी. एक बाई चष्मा हरवला म्हणून माझ्याशी तावातावाने भांडली आणि चष्मा तिच्याच डोक्यावर. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय. अशा लोकांशी दिवसभर बोलून बोलून माझी जीभ फटकळ झाली आहे, की ती आधीपासूनच होती, हे माझ्या सासूला विचारावं लागेल. तर माझी खिडकी उघडते ती थेट आवारावर. त्यामुळे काका मला दिवसभर दिसायचे.

थंडीचे दिवस आमच्याकडे वाईट. आवाराला आडोसा नाही, वारा एका फाटकातून शिरतो आणि दुसऱ्यातून निघतो, मधे फक्त काका. जाड हातमोजे घातले तर बोटं दिसत नाहीत, आणि बोटं दिसली नाहीत तर काकांचा उपयोग काय? म्हणून ते बोटं उघडी राहतील असे मोजे घालायचे आणि कोटाच्या दोन्ही खिशांत उबेच्या पिशव्या ठेवायचे. दोन बसच्या मधे हात खिशात, बस आली की हात बाहेर.

त्या पिशव्या मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला जादूच वाटली. तळहाताएवढी प्लास्टिकची पिशवी, आत पाण्यासारखं काहीतरी आणि एक पातळशी धातूची चकती. चकती दाबली की टक् होतं, आतलं पाणी बघता बघता पांढरं घट्ट होतं आणि पिशवी चांगली गरम होते. तास-दीड तास ऊब. मग ती नुसती ढेकूळ. घरी नेऊन फडक्यात गुंडाळून उकळत्या पाण्यात ठेवायची, की पुन्हा पाणी. एकदा निवली की चकतीला हात लावायचा नाही, ऊब हवी असेल तेव्हाच लावायचा. सगळी मेख तिथेच आहे.

हे उकळायचं काम काकूंचं. काकू घरी शिवणकाम करायच्या, लोकांचे कपडे उसवून-आवळून द्यायच्या. पिशव्यांना त्यांनी उरलेल्या कापडाचे दोन अभ्रे शिवले होते, तपकिरी, कडेला लाल टाका. पिशव्यांसाठी एक वेगळं पातेलं होतं, त्यात दुसरं काही शिजवायची कुणाची हिंमत नव्हती. रोज जेवणं झाली की पातेलं गॅसवर, आणि झोपायच्या आधी पिशव्या कोटात. सकाळी काका निघाले की दारात विचारायच्या, "अहो, पिशव्या घेतल्या ना?" काका हे सगळं मला इतक्यांदा सांगायचे की मी एकदा म्हटलं, "काका, जगात बायको एकट्या तुम्हालाच आहे का?" तर म्हणाले, "अशी एकट्यालाच."

मग एका थंडीत मी बघितलं, काका दोन बसच्या मधे हात खिशात घालत नाहीत. तोंडाशी नेऊन फुंकर मारतात, काखेत दाबतात, मांडीवर आपटतात. बोटं पांढरी पडलेली. मी खिडकीतून ओरडले, "काका, खिशात काय अंडी ठेवलीत का?" ते हसले आणि नुसता हात हलवला. दुपारी डबा खायला आत आले तेव्हा कोट माझ्या खुर्चीवर टाकला. मी सरळ खिशात हात घातला. पिशवी घट्ट आणि गारढोण. दुसरीही तशीच.

"या तर वापरलेल्या आहेत," मी म्हटलं. "काकूंनी उकळल्या नाहीत?"

"उकळल्या."

"मग?"

काकांनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. मग म्हणाले, "बाई, ती उकळते. निवल्या की चकती दाबून बघते. चालतात का ते. गरम झाल्या की गालाला लावते, खूश होते आणि माझ्या कोटात ठेवते. सकाळपर्यंत त्यांचं काय उरणार?"

मला आधी हसूच आलं. मग त्यांचं तोंड बघितलं आणि हसू तिथेच जिरलं.

काकूंचं विसरणं सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. आधी कात्री, मग गिऱ्हाइकांचे कपडे, मग गिऱ्हाइकं. एकदा एका गिऱ्हाइकाचा सदरा तीन बाह्यांचा शिवला आणि समोर धरून बसून राहिल्या. पिशव्यांचं पहिल्यांदा झालं तेव्हा काकांनी सांगितलं होतं, अगं, चकती दाबायची नसते. त्या इतक्या ओशाळल्या की जेवल्याच नाहीत. मला आता एवढंही जमत नाही का, एवढंच म्हणत राहिल्या. त्यानंतर काकांनी तोंडाला कुलूप लावलं. काकू सकाळी दारात विचारायच्या, "अहो, गरम आहेत ना?" काका खिशातल्या त्या गार ढेकळांवर हात ठेवून म्हणायचे, "चटका बसतो गं."

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात असते. ती फोनवर सारखी मागे लागली होती, बाबा, आईला नीट सांभाळणाऱ्या ठिकाणी ठेवू, तुम्ही दिवसभर घरी नसता, गॅस उघडा राहिला तर काय करणार. मुलीचंही काही खोटं नव्हतं. काका मात्र ऐकत नव्हते. "घर चालवते ती अजून," असं तिला ठणकावून सांगायचे. "माझ्या पिशव्या रोज न चुकता तयार असतात, विचार तिला." त्यांच्याकडे दाखवायला तेवढं एकच उरलं होतं. बाकीचं सगळं काकूंच्या हातून एकेक करून गळून गेलं होतं, आणि ज्या दिवशी पातेलं गॅसवर चढणार नाही त्या दिवशी मुलीला नाही म्हणायला काकांकडे तोंड राहणार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. काका ती मूठ गारठून निळी होईपर्यंत झाकून बसले होते.

मग व्हायचं तेच झालं. एका सकाळी मूठ मिटायची वेळ आली आणि बोटं वळलीच नाहीत. ड्रायव्हरला वाटलं अजून यायचंय. बस मागच्या खांबाला लागली. कुणाला इजा झाली नाही, दिवा फुटला, पत्रा चेपला. साहेब बाहेर आला, काकांच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, हात सांभाळा, नाहीतर आत टेबलावर बसा." आत टेबलावर बसवणं म्हणजे काकांना कपाटात ठेवण्यातलाच प्रकार.

मी म्हटलं, "हा हट्ट आता पुरे. आत शेगडी आहे, भांडं आहे. आल्या आल्या पिशव्या उकळायच्या, निवल्या की वापरायच्या. घरी कळायचं कारण नाही."

ते तयार होईनात. "तिने केलेलं काम मी परत करायचं? तिच्या पाठीमागे?"

"नाहीतर पुढच्या वेळी खांबाच्या जागी माणूस असेल," मी म्हटलं. फटकळ जिभेचा कधी कधी उपयोग होतो. काका गुपचूप उठले आणि भांड्यात पाणी घेतलं. सल्ला माझा होता आणि आजही कुणी विचारलं तर मी तोच देईन. पुढे जे झालं ते झालं, पण हात वाचले.

ती थंडी बरी गेली. सकाळी घरून गार ढेकळं आणायची, इथे उकळायची, दिवसा वापरायची, संध्याकाळी पुन्हा ढेकळं घरी न्यायची. काकू ती कोटातून काढून पातेल्यात टाकायच्या. एकाच दिवसात त्या पिशव्या दोनदा उकळायच्या आणि हे फक्त काकांना आणि मला ठाऊक असायचं. काकांचे हात पुन्हा आधीसारखे बोलायला लागले.

एका संध्याकाळी काका निघणार तेवढ्यात उशिरा आलेली एक बस लावायची होती. वारा बोचरा होता. काकांनी राखून ठेवलेल्या पिशव्या दाबल्या, बस लावली आणि तसेच घरी गेले. काकूंनी नेहमीसारखा कोटात हात घातला आणि थबकल्या. पिशव्या अजून गरम होत्या.

दुसऱ्या दिवशी काका मला हे सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला होता म्हणून सांगू. लग्नातला फोटो असावा तसा. काकू म्हणे दोन्ही पिशव्या दोन्ही गालांना लावून घरभर फिरल्या. "बघा, दिवसभर गरम राहिल्या. अशा कुणाला जमतात का?" काका म्हणाले, "कुणालाच नाही गं." आणि त्या इतक्या हसल्या की काकांना त्यांची ओळखीची बायको पुष्कळ दिवसांनी परत दिसली. मग काका पातेलं पुढे करायला गेले तर काकू म्हणाल्या, "गरम तर आहेत. मग कशाला उकळायच्या?"

काकांनी त्यांना अडवलं नाही. इतक्या आनंदात असलेल्या माणसाला कोण अडवणार? एक दिवस नाही उकळल्या तर काय बिघडलं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी जेवणं झाली, काकू उठल्या नाहीत. काकांनी वाट बघितली. मग पिशव्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या. काकूंनी अभ्र्यावरच्या लाल टाक्यावरून बोट फिरवलं, छान शिवलंय म्हणाल्या आणि परत ठेवून दिल्या. त्याच्या पुढच्या दिवशी काकांनी स्वतः पातेलं काढून त्यांच्या हातात दिलं. काकूंनी ते उलटसुलट करून बघितलं. "अहो, हे कशाचं पातेलं?"

विसरणाऱ्या माणसाची सवय म्हणजे एकसलग दोरा असतो, असं मला नंतर एका नर्सने सांगितलं. चालू आहे तोवर चालू, पण एकदा तुटला की सुईत परत ओवता येत नाही. काका बिचारे महिनाभर ओवत राहिले. पातेलं गॅसवर ठेवून बघितलं, पाणी उकळून बघितलं, काकूंचा हात हातात घेऊन पिशवी फडक्यात गुंडाळून बघितली. काकू शहाण्या मुलासारखं सगळं करू द्यायच्या, पण स्वतःहून काही नाही. शेवटी मुलगी आली तेव्हा काकांनी त्या सांभाळणाऱ्या ठिकाणाला हो म्हटलं. काकूंची बॅग त्यांनीच भरली. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, माझ्याच खिशाने तिला घालवलं." मी घरी जाऊन इतकी रडले की माझ्या नवऱ्याला वाटलं कुणीतरी गेलं.

काका दर सुट्टीला काकूंना भेटायला जातात. एकदा मीही गेले. काकूंना बाहेर बागेत बसायला आवडतं, थंडी असो काही असो, म्हणून काका जाताना पिशव्या उकळून नेतात. आता रोज तेच उकळतात. त्या दिवशी फाटकाशीच त्यांनी पिशवी दाबली, काकू आल्या की लगेच हातात गरम मिळावी म्हणून. पण काकूंना आवरून बाहेर आणायला बराच वेळ लागला. आम्ही बाकावर बसून राहिलो. त्या आल्या तोवर पिशवी निवून ढेकूळ झाली होती, हे काकांच्या लक्षातच आलं नाही, कारण ते काकू येतील त्या दाराकडे बघत होते.

काकू येऊन बसल्या. माझ्याकडे बघून हसल्या, काकांकडे बघूनही तसंच हसल्या, अगदी तितकंच. काकांनी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि वरून आपले हात ठेवले.

"गरम आहे ना?"

काकूंनी पिशवी चाचपली. समोरचा माणूस एवढ्या लांबून काहीतरी घेऊन आलाय, त्याला वाईट वाटू नये, एवढं त्यांना अजून कळत होतं. "हो भाऊ," त्या म्हणाल्या. "चटका बसतो अगदी."

मी नजर दुसरीकडे वळवली. काकूंनी काकांची बोटं आपल्या हातात घेतली आणि चोळायला लागल्या, एकेक करून, जशी रोजची सवय असावी तशी.

"तुमचेच हात किती गार आहेत, भाऊ. बाहेर उभं राहायचं काम दिसतंय. घरी कोणी नाही का, निघताना ऊब द्यायला?"

"आहे ना," काका म्हणाले. "रोज देते."

"मग बरं आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यांची बोटं चोळत राहिल्या.