फाइल लहान झाली त्या सकाळी

चामराजपुरममधल्या एका छोट्या लॅबसाठी मी प्रोग्रॅम लिहिला होता. रक्त तपासणारं यंत्र प्रत्येक निकाल एका फाइलच्या शेवटी जोडत जायचं. माझा प्रोग्रॅम दर सेकंदाला फाइलचा आकार बघायचा. आकार वाढला की नवा भाग वाचून बाहेरच्या पडद्यावर टोकन नंबरासमोर 'रिपोर्ट तयार' असं दाखवायचा. आकडा जास्त असेल तर 'डॉक्टरांना भेटा'.

माझ्या वडिलांना, अण्णांना, याचं इतकं कौतुक की काही होत नसताना ते साखर तपासायला गेले. कन्नड शाळेत जन्मभर गणित शिकवलेला माणूस. पडद्यासमोर बसून त्यांनी शेजारच्या सगळ्यांना प्रोग्रॅम समजावून सांगितला. "माझा नंबर सतरा. बघत राहा."

दीड तासाने त्यांचा फोन आला. "सतरा इन्नू, अजून आला नाही गं. कुणाचाच नाही."

मी ऑफिसातून लॅबचा कंप्युटर उघडून पाहिला. प्रोग्रॅम चालू होता, चूक एकही नाही, आणि दर सेकंदाला इमानदारीत लिहीत होता : नवीन काही नाही.

"अण्णा, यंत्रानेच काही लिहिलेलं नाही. माझ्याकडे सगळं ठीक आहे."

"सरि, ठीक आहे, मग बसतो," म्हणाले. आणि यंत्र कसं जुनं झालंय तेही लोकांना समजावू लागले.

मग लॅबमधल्या बाईंचा फोन आला. "मॅडम, चाळीस निकाल निघालेत. लोक माझ्यावर ओरडतायत."

मी स्कूटर काढली. तिथे पोचल्यावर बाई सहज म्हणाल्या, "फाइल फार मोठी झाली होती, म्हणून सकाळी रिकामी केली. चालतं ना?"

माझा प्रोग्रॅम जुना आकार लक्षात ठेवून बसला होता. फाइल त्या आकारापुढे गेली की मगच नवीन काही आलं, असं मीच त्याला शिकवलेलं. फाइल लहानही होऊ शकते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आकार आधीपेक्षा कमी दिसला तर सुरुवातीपासून वाच, एवढ्या दोन ओळी मी तिथेच उभ्याने घातल्या.

चाळीस नंबर एकदम पडद्यावर आले. सतरासमोर होतं : 'डॉक्टरांना भेटा'. अख्ख्या बाकाने अण्णांकडे वळून पाहिलं.

"दोन तास गप्प बसलेल्या प्रोग्रॅमचं मी का ऐकू?" स्कूटरवर मागे बसून अण्णा म्हणाले. आकडा यंत्राचा आहे, माझा नाही, हे मी परोपरीने सांगितलं. ऐकेनात. पुढच्या आठवड्यात ते देवराज मोहल्ल्यात गेले. तिथल्या लॅबमध्ये निकाल वहीत हाताने लिहितात. आकडा जवळजवळ तोच निघाला.

अण्णांनी कॉफीतली साखर सोडली. आता घरी कुणीही आलं की ते सांगतात, "माझी शुगर हिच्या प्रोग्रॅमने पकडली." मी दोनदा खरं काय ते सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहुण्यांना कॉफी आणायला आत गेले.