एक नंबर

आठवीत शाळा सुटली आणि भंडाऱ्याकडचं गाव पुढे पोटासाठी सुटलं. रायपूरच्या भनपुरीत ट्रकवरचा माल उतरवता उतरवता तिशी आली, पाठ गेली, तेव्हा मामाच्या ओळखीचे एक साहेब देवासारखे भेटले. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि गल्लोगल्ली बीबीएची कॉलेजं निघत होती. त्यातल्या एकात साहेब विभागप्रमुख होते. त्यांनी मला चपराशी म्हणून चिकटवून घेतलं. पंख्याखाली बसायचं काम! मी घरी पत्र लिहिलं ते साहेबांच्या पाया पडल्यासारखंच होतं. पण मनात सारखी धाकधूक, की कोणीतरी एक दिवस विचारेल, हा आठवी फेल इथे काय करून राहिला?

तिथे धंदा शिकवत. म्हणजे साहेब एका पिवळ्या पडलेल्या वहीतून व्याख्या सांगत आणि पोरं लिहून घेत. कॉमासुद्धा तोंडानं सांगत. एकदा पानाच्या तळाशी लिहिलेलं ‘पीटीओ’ त्यांनी त्याच सुरात वाचलं आणि अर्ध्या वर्गानं तेही उतरवलं. पुढे परीक्षेत काहींच्या उत्तरपत्रिकेत व्याख्येच्या मागोमाग पीटीओ आलं. साहेबांनी पूर्ण मार्क दिले.

प्रोजेक्टची तर मला किळसच यायची. बूढापाऱ्यातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे ते तयार मिळत, वरचं नाव तेवढं बदलून. ‘पंडरीतील कापड ग्राहक’ असं सोनेरी अक्षरांत छापलेल्या एका प्रोजेक्टात, पंडरी रायपूरचा कापडबाजार असूनही, मधल्या पानांवर सगळीकडे इंदूर होतं. मी अडखळत वाचून साहेबांना दाखवलं. ते सही करता करता म्हणाले, ‘‘तुले काहून वाचाले पायजे बे? गठ्ठा उचल.’’

मी गठ्ठा उचलला.

मग शिकवायला एक मॅडम आल्या. रायपूरच्याच, रेल्वेतल्या मराठी घरातल्या. त्यांचं काम दरवर्षी नव्यानं मंजूर व्हायचं, आणि ते टिकावं म्हणून त्या जीव तोडत होत्या. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, हे मला डब्याच्या वेळी कळलं होतं. त्या वही आणतच नसत. त्यांनी वर्ग पंडरीला नेला, ठोक कापडाच्या दुकानांत. अट एकच. तासभर एका दुकानात उभं राहायचं, काही विचारायचं नाही, फक्त पाहायचं. पोरं कुरकुरली, ‘‘मैडम, इसमें पढ़ाई कहाँ है?’’ पण परतल्यावर एक पोट्टी उठून सांगू लागली, की गिऱ्हाइकाचा हात कापडावर थांबला की दुकानदार बोलणं बंद करतो. दुसरा म्हणाला, चांगला माल तो तिसऱ्यांदा काढतो, पहिल्यांदा कधीच नाही. त्या दिवशी घंटा झाली तरी कोणी उठेना.

आणखी एक दिवस मी खडू द्यायला आत गेलो तर मॅडमनी मलाच थांबवलं.

‘‘भाऊ, तुम्ही कापड घेता तेव्हा काय पाहता?’’

मी खडू हातात धरूनच म्हटलं, ‘‘उलटी बाजू, मॅडम. सरळ बाजू तर दुकानदार दाखवतेच.’’

वर्ग हसला. मॅडमनी मात्र फळ्यावर लिहिलं, ‘उलटी बाजू’. संध्याकाळी फळा पुसायचं काम माझंच होतं. मी सगळा पुसला, तो कोपरा ठेवला.

मुली बाजारात हिंडतात अशी पालकांची तक्रार आली होती. साहेबांच्या तासाला बाकं रिकामी राहू लागली होती. हे सगळं मला दिसत होतं, पण जोडून पाहायची अक्कल नव्हती. वर्ष संपता संपता साहेबांनी फॉर्मांचा गठ्ठा माझ्यासमोर टाकला. तपासणी यायची होती. विद्यार्थ्यांनी शिक्षकांबद्दल भरायचे ते फॉर्म, पण पोरं सुट्टीवर गेलेली.

‘‘बसून टिका मारून टाक. माझ्याखाली पाच मार, मधात एखादा चार, म्हणजे खरं वाटते. बाकीच्यांचं साधारण.’’

इंग्रजी मला येत नव्हतं, आकडे येत होते. एक ते पाच. मला साहेबांबद्दल भरून आलं. केवढा मोठा माणूस, स्वतःला पाचवा नंबर घेतो! गावात काय, रायपुरात काय, भजी चांगली तर एक नंबर, शर्ट चांगला तर एक नंबर. वर्गात हुशार पोराचाही पहिलाच नंबर. मी इमानेइतबारे साहेबांना पाच-चार दिले, इतरांना तीन. आणि मॅडमच्या रकान्यात, साधारणचा हुकूम मोडून, चोरून, सगळ्या फॉर्मांवर एक.

आठवड्यानं संस्थेचे अध्यक्ष आले. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेलो तेव्हा ते म्हणत होते, ‘‘मैडम, सब बच्चों ने आपको एक नंबर दिया है.’’

माझी छाती फुगली. मग मॅडमचा चेहरा पाहिला.

‘‘पाँच में से एक. ऐसे में कैसे रखें आपको?’’

मॅडमनी फॉर्म मागितले आणि एकेक उलटत गेल्या. सगळ्या टिका जांभळ्या शाईच्या, एकाच हाताच्या. त्यांनी मान वर केली. माझ्या खिशाला तोच जांभळा पेन होता, आवक-जावकचा. त्या पेनाकडे बघत राहिल्या. मग फॉर्म नीट जुळवून टेबलावर ठेवले. पेनाबद्दल बोलल्या असत्या तर पहिला मीच गेलो असतो.

मी साहेबांच्या खोलीत धावलो. ‘‘साहेब, चूक झाली. मले वाटलं एक म्हणजे सगळ्यात भारी. अध्यक्षांना सांगा ना.’’

साहेब आधी माझ्याकडे पाहत राहिले, मग इतके हसले की खोकला लागला. ‘‘अन् मी समजलो तू मुद्दाम एक मारले, हुशार निघाला! काय सांगू त्यांले? फॉर्म चपराशानं भरले म्हणून?’’ हसू थांबलं. ‘‘तुले इथं कोनं लावलं बे?’’

‘‘तुम्ही, साहेब.’’

‘‘मग?’’

जिन्यावर मॅडम पिशवी घेऊन उतरत होत्या. मी म्हटलं, ‘‘मॅडम, मी तुमाले एक नंबर देल्ला होता.’’ त्या थांबल्या. ‘‘समजलं मले, भाऊ.’’ मग हलकेच विचारलं, ‘‘वर अध्यक्षांना सांगाल का?’’

मी रिकामा ट्रे या हातातून त्या हातात घेतला. त्या उतरून गेल्या.

पुढच्या वर्षी साहेबांनी पुन्हा गठ्ठा टाकला. ‘‘आता तं समजते ना तुले?’’

‘‘हाओ, साहेब.’’

मी त्यांच्याखाली पाच मारत गेलो, मधेमधे चार. मॅडमच्या जागी एक नवे सर आले होते, वही घेऊन. त्यांच्याखाली काय मारू, असं मी विचारलं. विचारताना माझा आवाज किती अदबीचा होता, ते आठवलं की अजून थुंकावंसं वाटतं.